क्रेटरला एकच दिवस द्या, पण अख्खा द्या

पत्र: आम्ही ठाण्याचे पाच जण. मी, मिस्टर, १४ वर्षांची मुलगी, सासरे ७१ आणि सासूबाई ६६. दिवाळीच्या सुट्टीत टांझानियाला न्गोरोंगोरो क्रेटरची सफारी करायचं चाललंय. एजंटने आठ रात्रींचा प्लॅन पाठवलाय, त्यात तीन रात्री क्रेटरच्या काठावरच्या लॉजमध्ये आणि रोज खाली सफारी, मग मसाई मारा, शेवटी झांझिबार. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई शुद्ध शाकाहारी, आणि मुलीला सगळ्यात जास्त जिराफ बघायचाय. आम्ही ताडोबा केलंय, पण आफ्रिका पहिल्यांदाच. क्रेटरला तीन दिवस पुरतील का? – स., ठाणे

स. ताई,

पुरतील काय, उरतील. खाली, म्हणजे क्रेटर या भल्यामोठ्या खड्ड्याच्या तळाला, उतरायला एक दिवस बास आहे, फक्त तो दिवस सकाळी सहाला गेट उघडल्यापासून दुपार कलेपर्यंत अख्खा क्रेटरचा ठेवा. त्यात मध्येच मसाई गुराख्यांचं गाव, शॉपिंग, काठावरच्या हॉटेलात बुफे लंच असलं काही घुसवू देऊ नका. आणि जिराफाचं आत्ताच सांगून टाकते म्हणजे पोरगी तिथे जाऊन हिरमुसायला नको, क्रेटरच्या तळाला जिराफ नाहीत. एकही नाही. कडे उभे आहेत आणि खाली जिराफांना चरायला लागतात तशी बाभळीची झाडं फारशी नाहीत, असं कारण सांगतात. इम्पाला हरणंही खाली नसतात. पण जिराफ बघायला मिळणार नाही असं अजिबात नाही, त्यावर पुढे येते.

तीन दिवस का नकोत ते आधी बघू. वीस-तीस लाख वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड ज्वालामुखी होता, त्याच्या पोटातला लाव्हा निघून गेला आणि वरचा डोंगर स्वतःच्याच वजनाने आत कोसळला, त्याचा हा खड्डा. आपलं लोणार उल्का पडून झालं आणि ते पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, हा १६ ते १९ किलोमीटर रुंद आहे आणि कडे सहाशे मीटर उंच. पाणी भरून तळं न झालेल्या आणि कडे शाबूत असलेल्या अशा खड्ड्यांमधला हा जगातला सगळ्यात मोठा. तरी तळ साधारण २६० चौरस किलोमीटरचा, म्हणजे ताडोबाच्या कोअरच्या निम्म्याहूनही कमी, कारण ताडोबाचा नुसता कोअर ६२५ चा आहे. एवढ्या जागेत पंचवीसेक हजार मोठी जनावरं, आणि बहुतेक सगळं उघडं गवत. त्यामुळे ताडोबात जसं तीन सफाऱ्या कोरड्या गेल्या आणि चौथीला वाघ दिसला असं होतं तसं इथे होत नाही, पहिल्या तासातच झेब्रे, विल्डबीस्ट नावाची मोठी हरणं, बफेलो, तरस इतकं दिसतं की मोबाइलची मेमरी भरायला लागते. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवरून तीच जनावरं. तुम्ही काही फोटोग्राफर नाही, तुम्हाला सकाळचा तिरपा उजेड तीन वेळा लागत नाही.

दुसरं कारण पैशाचं. खाली उतरायची फी गाडीमागे लागते, तीही प्रत्येक उतरणीला, २५० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट म्हणजे २९५. शिवाय मोठ्या माणसाला अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे दिवसाला ६० अधिक व्हॅट, म्हणजे जवळपास ७१, मुलांना कमी. तुमच्या चार मोठ्यांचे नि गाडीचे मिळून पावणेसहाशे डॉलरच्या वर एका दिवसाचे नुसते सरकारी पैसे गेले, लॉज, गाडी, जेवण वेगळं. हे तीन दिवस करायचं म्हणजे काय ते तुमच्या मिस्टरांना हिशेब करून दाखवा, ते स्वतःच दोन दिवस कापतील. रेट बदलत असतात तेव्हा कोटेशनमध्ये आजचा आकडा आणि कितीदा उतरणार हे दोन्ही लिहून घ्या. "क्रेटर टूर इन्क्लुडेड" एवढंच लिहिलेलं असलं तर अर्धा दिवस निघायची शक्यता बरीच.

आणि राहायचं काठावर नको, करातूला राहा. काठावरच्या लॉजचे फोटो भारी असतात, खरेही असतात, पण काठ आहे २३०० मीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्याही साधारण हजार मीटर वर, आणि सकाळी बऱ्याचदा ढगात असतो. ज्या खिडकीचे तुम्ही एवढे पैसे भरले त्या खिडकीतून पांढरं धुकं बघत सासूबाई शाल गुंडाळून बसणार. करातू हे खाली, गेटपासून अर्ध्या तासावरचं छोटं गाव, कॉफीचे मळे आहेत आजूबाजूला, रात्र सुसह्य, आणि रेट बराच कमी. सकाळी सव्वापाचला निघालात की सहाला लोडुआरे गेटवर. ड्रायव्हर कागदपत्रं करून येईपर्यंत गेटवरची बबून माकडं गाडीच्या बॉनेटवर येतात, खिडक्या बंद ठेवा, हे मस्करीत नाही सांगत.

तिथून जंगलातून चढ, काठावर पहिला व्ह्यू पॉइंट, मग काठाने पश्चिमेकडे जाऊन सेनेटोचा घाट उतरायचा. हा रस्ता फक्त उतरायचा आहे, वर यायला लेराईचा दुसरा. संध्याकाळी सहापर्यंत बाहेर पडायलाच लागतं.

खाली गेल्यावर ताडोबाची सवय जरा बाजूला ठेवा. आपल्याकडे काय होतं, वाघाचा कॉल आला की सगळ्या जिप्सी सुसाट आणि बाकी जंगल कुणी बघतच नाही. इथेही रेडिओवर सिंह आला की वीस-वीस लँड क्रूझर गोळा होतात, क्रेटरची ही एक बाजू मला अजिबात आवडत नाही. ड्रायव्हरला सकाळीच सांगा की आम्हाला गर्दीत घाई नाही, थांबून बघायचंय. तरसांच्या कळपाशी अर्धा तास थांबा. आपण लहानपणापासून ऐकतो की तरस म्हणजे सिंहाचं उष्टं खाणारा, पण १९६० च्या दशकात हान्स क्रूक नावाच्या शास्त्रज्ञाने याच क्रेटरमध्ये रात्र-रात्र जागून बघितलं तर उलटंच निघालं, शिकार तरस करतात आणि बऱ्याचदा सिंह येऊन ती हिसकावतात. तुमच्या पोरीला हे आधी सांगून ठेवा, मग बघा ती सिंहापेक्षा तरसाकडे जास्त बघते की नाही.

सिंहांचं वागणं मात्र भारी असतं. सावली नाही ना तिथे, तळाच्या गवतात झाडच नाही, मग भर दुपारी सिंहीण उठते आणि सरळ तुमच्या गाडीच्या सावलीत येऊन चाकाला पाठ लावून झोपते. तुम्ही वरून बघता तर तिच्या कानावरच्या माश्या मोजता येतात. ड्रायव्हर इंजिन बंद करून गप्प बसतो, कारण आता ती उठेपर्यंत गाडी हलत नाही. अशा वेळी सगळ्यांचे हात खिडकीच्या आत आणि आवाज बंद, आणि सासऱ्यांचा फोन सायलेंटवर, कारण तिथे रेंज येते बऱ्याच ठिकाणी आणि ठाण्याहून कुणाचा तरी गुड मॉर्निंग येतोच.

काळा गेंडा दिसेल की नाही याची खात्री कुणी देत असेल तर तो विकतोय असं समजा. आहेत, चांगले जपलेले आहेत, २०१९ च्या डिसेंबरात इथली फॉस्टा नावाची गेंडीण ५७ वर्षांची होऊन गेली, इतकं म्हातारपण गेंड्याला जंगलात मिळत नाही. पण दिसतात ते बहुतेक लांब, गवतात एक करडा ठिपका. म्हणून दुर्बीण न्याच, ८ बाय ४२ ची एक तरी, आणि एकच असेल तर ती सासऱ्यांच्या गळ्यात. उघड्या मैदानात डोळ्यांनी दिसणारं आणि दुर्बिणीतून दिसणारं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पक्षी बघायची आवड असली तर कोरी बस्टर्ड शोधायला लावा. आपल्या सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं आणि आता दिसला तर बातमी होते त्या माळढोकाचा हा सख्खा भाऊ, इथे रस्त्याच्या कडेने आरामात चालत असतो. नर रंगात आला की गळ्याची पिसं फुगवून पांढरा मोठा फुगा करतो, शेपटी पाठीवर उलटी टाकतो आणि तसाच मिरवतो. जुन्या पक्षीवाल्या मराठी माणसाला हे बघून बरंही वाटतं आणि जरा वाईटही वाटतं.

क्रेटरमधल्या मगाडी तळ्यावर फ्लेमिंगो असले तर असतील, त्यांचं पाण्यावर अवलंबून. नसले तर हळहळू नका, तुमच्या ठाण्याच्या खाडीतच ते येतात आणि ऐरोलीहून बोटीने जाता येतं. हत्ती मात्र नीट बघा. तळाला दिसतात ते बहुतेक म्हातारे नर, लांबलचक सुळ्यांचे, एकटे-दुकटे. बाकीचा कळप वर जंगलात. दाढा झिजल्या की दलदलीतला मऊ चारा त्यांना बरा पडतो, म्हणून लेराईच्या पिवळ्या खोडांच्या झाडीत आणि पाणथळीत रेंगाळत असतात.

आता सासरे. गुडघ्यांसाठी क्रेटर हे अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात सोपं ठिकाण आहे कारण गाडीतून उतरायची परवानगीच नाही, पिकनिकच्या ठरलेल्या जागा सोडल्या तर दिवसभर गाडीतच बसायचं. त्रास दोनच. गाडीची पायरी उंच असते, तर एजंटला सांगा गाडीत छोटं स्टूल ठेव, असतं त्यांच्याकडे. आणि बाथरूम. ते त्या पिकनिकच्या जागांवरच आहे, मध्ये "झाडामागे जाऊन येतो" हा प्रकार क्रेटरमध्ये चालत नाही. बीपीची लघवी वाढवणारी गोळी सासरे सकाळी घेत असतील तर त्या एका दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना निघायच्या आधी विचारून ठेवा, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. कच्च्या रस्त्याचे धक्के मागच्या सीटवर जास्त बसतात तेव्हा त्यांना ड्रायव्हरच्या शेजारी बसवा, छत वर उचललं की तुम्ही चौघं उभं राहून बघा. स्वेटर, कानटोपी सगळ्यांना, कारण सकाळी उघड्या छतातून जो वारा लागतो तो ठाण्याच्या माणसाच्या कल्पनेतला नाही. अकरानंतर परत शर्टावर.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी करताय तेवढी करू नका. अरुशा या तिथल्या शहरात आपले गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथल्या लॉजच्या किचनला व्हेजिटेरियन नवीन नाही, भात, डाळ, चपाती मिळते. अडतं ते क्रेटरच्या दिवशीच, कारण तेव्हा पॅक्ड लंचचा डबा असतो आणि न सांगता तो आला तर त्यात कोंबडीची तंगडी, उकडलेलं अंडं आणि एक केळं. आदल्या रात्री पुन्हा सांगायचं, एजंटने सांगितलंय यावर राहायचं नाही. आणि घरून दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडं मेतकूट न्या. पण ते कॅरीबॅगमध्ये बांधून नेऊ नका! १ जून २०१९ पासून टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती पर्यटकांनाही लागू, विमानतळावर काढून घेऊ शकतात. आपल्याकडेही २०१८ पासून बंदी आहेच म्हणा, ती आपण कशी पाळतो ते तुम्हाला माहितीये. स्टीलचा डबा आणि कापडी पिशवी. आणि न्गोइटोकिटोक नावाच्या झऱ्यापाशी जेवायला थांबतात, समोर पाणघोडे डुंबत असतात, फार सुंदर जागा आहे, पण डबा गाडीच्या आत बसूनच उघडा, घारी टपलेल्या असतात आणि मागून येऊन हातातली दशमी नखाने उचलून नेतात, बोटाला ओरखडा येतो तो वेगळा.

मसाई मारा आणि झांझिबार दोन्ही कापा. नकाशात केनियातलं मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी ही दोन जंगलं एकमेकांना चिकटलेली दिसतात म्हणून एजंट सहज जोडून देतात, पण मधली बॉर्डर पर्यटकांना बंद आहे, लांबच्या नाक्यावरून वळसा घालायला लागतो आणि त्यात अख्खा दिवस गाडीत जातो, ७१ च्या माणसाचा तर दोन दिवस जातो. झांझिबार छान आहे पण ते तुम्ही दोघं नंतर कधी जा. त्याऐवजी असं करा: पहिली रात्र अरुशात, मग दोन तारांगिरे नॅशनल पार्कला, दोन करातूला, दोन सेरेंगेटीत आणि शेवटची परत अरुशात. झाल्या आठ. तारांगिरेत ऑक्टोबरअखेर नदीवर हत्तींचे कळपच्या कळप असतात, गोरखचिंचेची अवाढव्य झाडं आहेत आणि जिराफ भरपूर, म्हणजे पोरीचं काम पहिल्या दोन दिवसांतच झालं. फक्त तिथे निळे-काळे कपडे घालू नका, त्सेत्से माशी त्याच रंगावर येते आणि जीन्समधूनही चावते.

करातूहून सेरेंगेटीला जाताना वाटेत ओल्डुवाई घळ लागते, तिथे १९५९ मध्ये मेरी लीकींना आदिमानवाची सतरा-अठरा लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली, छोटं म्युझियम आहे, मुलगी चौदाची आहे तर तासभर थांबाच. (हा रस्ता न्गोरोंगोरोच्याच हद्दीतून जातो म्हणून माणशी प्रवेश फी पुन्हा लागते, कोटेशनमध्ये तीही धरलीय का बघा.) त्या रस्त्याने परत मात्र येऊ नका. इतका खडखडाट आहे की सासऱ्यांचे गुडघेच काय पाठही बोलायला लागेल, सेरेंगेटीहून छोट्या विमानाने अरुशाला या. मारा आणि झांझिबारचे वाचलेले पैसे इथे घाला. विमानाला माणशी १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, टणक सूटकेस घेत नाहीत.

मसाई लोकांबद्दल एवढंच की ते तिथे शोभेला उभे नाहीत. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून त्यांना हलवून न्गोरोंगोरोत माणसं आणि जनावरं दोघांनी राहायचं असं ठरलं, १९७० च्या दशकात क्रेटरच्या तळातून त्यांची वस्ती उठवली आणि २०२२ पासून सरकार त्यांना पार तांगा भागात म्सोमेराला हलवतंय, त्यावरून तिथे बरीच धुसफूस आहे. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, गावात जायचंच असेल तर पैसे आत शिरायच्या आधी ठरवा. मला विचाराल तर मी नाही जाणार, नाच बघून दहा मिनिटांत मण्यांच्या माळांच्या दुकानाशी आणून सोडतात.

दिवाळीची वेळ चांगली आहे. मे महिन्यात कुणी स्वस्तात देत असेल तर नको, मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो, एखादी सर येईल, धूळ बसेल, चांगलंच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे एजंटने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. यलो फीव्हरची, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या पिवळ्या तापाची लस. मुंबईहून जायला सोपा रूट नैरोबी किंवा अदिस अबाबावरून, आणि केनिया, इथिओपिया दोन्ही भारताच्या यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. तिथून परत येताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. पण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीच्या वर तिचे गंभीर दुष्परिणाम व्हायची शक्यता जास्त, म्हणजे तुमच्या घरात दोघांचा प्रश्न आहे. सासूबाई-सासऱ्यांच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. ते नको म्हणाले तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नका, रूटच बदला, दोहामार्गे थेट किलिमांजारो विमानतळाला जाता येतं. यादी बदलते, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी केंद्रात सध्याची यादी विचारून घ्या, टांझानियासकट. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच फेरीत विचारा, तारांगिरेला डास आहेत.

एजंटला कोटेशन बदलायला सांगताना तीन गोष्टी लेखी मागा: गाडी फक्त तुमच्या पाच जणांची, छत उघडणारी फोर बाय फोर, आणि क्रेटरमध्ये पूर्ण दिवस. "ॲडजस्ट करू" म्हणाला तर दुसरा शोधा. पण त्याला फोन नंतर, सोमवारी आधी लसीच्या केंद्राला करा, तिथल्या तारखा दिवाळीच्या आधी पटापट भरतात.